पोरगा पाच वर्षांचा झाला की बापाचा? असा कायदाच नाहीये

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. पाच वर्षं झाली की पोरगा आपोआप बापाकडे, नऊ वर्षांचं झालं की मूल म्हणेल तेच फायनल, बापाने खर्च थकवला की त्याची भेट बंद, आणि आईने दुसरं लग्न केलं की तिचा हक्क संपला. वर "कायदा आहे, सगळ्यांना पाठवा" असं लिहिलेलं. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. मी वकील नाही, पण बहिणीच्या केसपायी तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात म्हणून लिहितोय.

दाजी सुरतला कामाला, बहीण भाच्याला घेऊन पारोळ्याला आमच्याकडे. भाच्याच्या पाचव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी दाजी, त्यांची आई आणि दोन चुलतभाऊ गाडी करून दारात उभे, मोबाईलवर हाच मेसेज उघडलेला, आणि दाजींची आई म्हणताय, "पोऱ्या आम्हना शे, कायदा शे." बहिणीने पोराला इतकं गच्च धरलं की त्याच्या दंडावर तिच्या बोटांचे वळ उठले. ते वळ अजून डोळ्यासमोरून जात नाहीत.

आता पाच वर्षांचं नेमकं काय ते बघा. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे, त्याच्या कलम ६ मध्ये एवढंच लिहिलंय की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. पाच झाल्यावर बापाकडे द्या, असं कुठेही नाही. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि "त्याच्यानंतर" आई असं आहे, तिथेच लोकांचा घोळ होतो, कारण पालकत्व वेगळं आणि ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहणार हे वेगळं. आणि त्या "नंतर" चा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये गीता हरिहरन केसमध्ये सांगून टाकलंय. कलम १३ तर सरळ म्हणतं की मुलाचं हित सगळ्यात वर. म्हणजे वाढदिवसाला मूल इकडून तिकडे जात नाही, कोर्ट हुकूम करेल तेव्हाच जातं, आणि तो हुकूमही परिस्थिती बदलली तर बदलून मागता येतो. दाजींना काही हक्कच नाही असं मी म्हणत नाही, त्यांनी अर्ज करायला पाहिजे होता, गाडी नाही आणायला पाहिजे होती.

अर्ज कुठे करायचा हेही सांगतो. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात, म्हणून आमची केस जळगाव जिल्ह्यातच चालली, सुरतला नाही.

नऊ वर्षांचा आकडा कुठून आला देव जाणे. कायद्यात वयच नाही, मूल समजून-उमजून सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट त्याचं म्हणणं विचारात घेऊ शकतं, बस. आमचा भाचा सहाचा असताना जजसाहेबांनी त्याला चेंबरमध्ये एकट्याला बोलावलं. कोणाकडे राहायचंय हे विचारलंच नाही म्हणे! डब्यात काय आवडतं, रात्री जवळ कोण झोपतं, बुटाची लेस कोण बांधतं, असं विचारलं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "मामा, मी सांगितलं लेस तूच बांधतो." म्हणून हात जोडून सांगतो, कोर्टात जाताना पोराला घरून उत्तरं पाठ करून पाठवू नका, लेकराच्या डोक्यावर केवढं ओझं होतं ते.

खर्च नाही म्हणून भेट नाही, हे आमच्या घरातही सुरू झालं होतं आणि ते आमचंच चुकलं. पोटगी ही मुलाची, भेटही मुलाची. खर्च थकला तर वसुलीचा अर्ज करा, पण कोर्टाने भेटीचे वार ठरवून दिले असतील तर पोराला लपवून ठेवता येत नाही, उलट आपलीच बाजू लंगडी पडते. आणि बापालाही भेटू दिलं नाही म्हणून खर्च बंद करता येत नाही. लांब राहणाऱ्यासाठी व्हिडिओ कॉलचीही सोय कोर्ट करून देतं.

दुसऱ्या लग्नाने हक्क जातो असंही कायद्यात नाही, नवीन घर मुलाला कसं आहे एवढं कोर्ट बघतं.

आणि एक राहिलं, त्या मेसेजमध्ये नाही पण आपल्याकडे चालतं: पंच बसवून स्टॅम्पवर फारकत, खाली एक ओळ, "मुलगा वडिलांना दिला." त्या कागदाने कोर्टाचे हात बांधले जात नाहीत. कोणा ताईने घाबरून अशी सही केली असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन लावा. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.