सील फोडा हो दादा

दुपारपासून कशातच मन लागेना म्हणून शेवटी इथं लिहायला बसले. मोठं होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी रात्री वाचा.

आपल्या रेकॉर्डवाल्या ग्रुपवर आज एका दादांनी फोटो टाकला. गवई मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी, म्हणजे मोठी, जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, जुन्या स्टॉकमधली, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, जणू मीच घेतलीय. दादा परभणीतलेच, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी लगेच लिहिलं, अभिनंदन दादा, कधी ऐकवताय, चहा-फराळ माझ्याकडून. तर उत्तर काय यावं? "ताई, ही ऐकायची नाही. सील फोडलं की किंमत निम्मी होते." अन् त्याच्याखाली अकरा जणांचे अंगठे.

ऐकायची नाही! मन्सूरांची एलपी अन् ऐकायची नाही! मग काय करायचं तिचं, हळदीकुंकू वाहायचं?

मला राग येतो तो ह्याचा की आपण सगळे एकाच वेडापायी एकत्र आलो. पुण्या-मुंबईवाल्यांना मैफली दाराशी आहेत, जुना बाजार आहे, चोरबाजार आहे. आपल्याला एक रेकॉर्ड हवी तर देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर जा नाहीतर कुणाच्या तरी हाती मागव. मी माझी शेवटची दोन पार्सलं एसटीनं मागवलीत, स्टँडवर तासभर उभी राहून घेतलीत. एवढं करून आणायचं ते कशासाठी? फोटो टाकायसाठी?

मी अंबाजोगाईची. आमच्या वाड्यात माडीवर एक गुरुजी भाड्यानं राहायचे, रिटायर मुख्याध्यापक, एकटेच. त्यांच्याकडं चावीचा ग्रामोफोन होता अन् लाकडी पेटीत पन्नाससाठ तबकड्या, ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, प्रत्येक तबकडी जुन्या धोतराच्या कापडात शिवलेल्या पिशवीत. दर गुरुवारी रात्री जेवणं झाली की ते माडीच्या खिडक्या उघडायचे, गल्लीकडच्या दोन्ही, अन् मगच चावी भरायचे. ही गोष्ट १९८४-८५ ची. लाईट तर रोजच जायची, पण चावीच्या ग्रामोफोनला लाईट लागतेच कशाला. सगळी गल्ली अंधारात, लोक ओट्यावर, आणि वरून अब्दुल करीम खाँसाहेब. "पिया बिन नाही आवत चैन". राग झिंझोटी. खाँसाहेब १९३७ लाच गेलेले, आणि आमच्या गल्लीतली पानटपरीवाल्याची म्हातारी आई विचारायची, गुरुजी, आज तुमचा तो रडवणारा बुवा लावणार का?

तीन-सव्वातीन मिनिटांची बाजू. संपली की गुरुजी पिन बदलायचे. दर बाजूला नवी पिन, हा त्यांचा नेम, कारण घासलेली स्टीलची पिन तबकडीची खाच कुरतडते. वापरलेल्या पिना चेरी बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत जायच्या अन् ती डबी हलवायचं काम माझं. अकरा वर्षांची होते मी.

आता कुणीतरी म्हणेलच की ताई, रेकॉर्ड वाजवली की झिजते. झिजते हो! मान्य आहे. खराब सुई असेल तर फारच झिजते. पण सुई चांगली ठेवा ना, ७८ ला ७८ ची सुई, एलपीला एलपीची, दोघींच्या खाचांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकीची सुई दुसरीला लावायची नाही. हे शिकायचं सोडून कपाटाला कुलूप लावणं म्हणजे पाय दुखेल म्हणून चालायचंच नाही. आणि सील सील करायलात ते प्लास्टिक तरी कुठं तारतंय? ते वर्षांनी आवळत जातं अन् आतली रेकॉर्ड वाकवतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीत ठेवलेली एलपी ताटलीसारखी होते, मी डोळ्यांनी बघितलीय. पंधरा वर्षांनी तुम्ही सील फोडाल तेव्हा मन्सूर लाटेवर बसल्यासारखे वरखाली व्हायलेत असं नको व्हायला.

गायिका केसरबाई केरकरांची भैरवी घ्या. "जात कहाँ हो". १९७७ ला अमेरिकेनं अवकाशात व्हॉयेजर यानं सोडली त्यातल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर ती आहे, हे ग्रुपवर सगळेच दर दोन महिन्यांनी अभिमानानं फॉरवर्ड करतात. पण एक गोष्ट कुणी लिहीत नाही. त्या लोकांनी तबकडीसोबत सुई अन् ती बसवायचं कार्ट्रिजही पाठवलं, वर ती कशी लावायची ह्याच्या खुणा कोरून. जिथं कोण आहे की नाही ठाऊक नाही तिथंसुद्धा त्यांना वाटलं की कुणीतरी ती लावावी, ऐकावी. आणि मी दहा मिनिटांवर राहते दादा.

गुरुजींचं सांगत होते. एका गुरुवारी त्यांनी मला म्हटलं, आज तू लाव. पेटीतून ती झिंझोटीच मी काढली, पिशवीतून ओढताना हातातून सटकली अन् पेटीच्या कडेवर आपटली. ७८ म्हणजे लाखेचीच की, पडली की खापरासारखी फुटते. फुटली नाही पण आवाज झाला. मी तिथंच थिजले. गुरुजींनी ती कंदिलाच्या उजेडात धरली, कडेपासून आतपर्यंत नख फिरवलं, जिथं नख अडलं तिथं थांबले. म्हणाले, चीर गेलीय. मग ग्रामोफोनवर ठेवली, पिन लावली आणि मला म्हणाले, सोड.

वाजली. पण प्रत्येक फेऱ्याला टक्. मिनिटाला ७८ फेरे, मिनिटाला ७८ टक्. पूर्ण बाजू होईपर्यंत मी रडत होते, अन् खालून म्हातारी ओरडली, गुरुजी आज तबला लई खणखणीत वाजायला! गुरुजी हसले नाहीत. मला म्हणाले, आता ही तबकडी तुझी, पण ऐकायला इथंच यायचं.

मी वर्षानुवर्षं ती त्या टक् सकट ऐकली. आता फोनवर तीच झिंझोटी स्वच्छ मिळते, खरखर काढलेली, सुंदर. तरी ऐकताना माझा कान त्या टक् ची वाट बघतो. पिया बिन च्या आधी एक, नाही वर एक.

हो, फोनवर फुकट मिळतं हेही मान्य. ज्यांना तेवढं पुरतं त्यांनी तसं ऐकावं, माझं भांडण त्यांच्याशी नाहीच, ते बिचारे ऐकतात तरी.

मी लग्न होऊन परभणीला आले. गुरुजी गेले तेव्हा मला चार दिवसांनी कळलं. मुलं बाहेरगावी, खोली रिकामी करून द्यायची होती, पेटी कुठं गेली कुणाला नीट सांगता येईना. मी दोन वर्षं विचारत राहिले, हायस्कूलात, आकाशवाणीत कामाला असलेल्या एका ओळखीच्यांना, भंगारवाल्यांना. काही नाही. फक्त एक तबकडी उरली, कारण गुरुजींनी आदल्या दिवाळीला माझ्या वडलांच्या हाती ती पाठवून दिली होती. कापडी पिशवीत, वर शाईनं माझं नाव.

खरं सांगू का, हे लिहितालिहिता माझा राग जरा उतरलाय. कारण ती तबकडी मीही जपतेच. वर्षातून एकदा लावते, गुरुजींच्या तिथीला, कारण ती चीर आता लांबली तर संपलं. म्हणजे मलाही भीती आहेच की. पण त्या दिवशी घरात दहाबारा माणसं असतात दादा, शेजारच्या शाळकरी पोरीसुद्धा असतात, आणि खिडक्या उघड्या असतात.

आणि तुम्ही ती एलपी विकायला घेतली असेल, घरात अडचण असेल, लेकराची फी असेल, तर तसं सांगा, त्यात काही गैर नाही, मीच गिऱ्हाईक शोधून देते. पण मग संग्रह केला असं म्हणू नका. आणि त्या अकरा अंगठेवाल्यांनो, तुमच्यावर माझा राग जास्त आहे. गौहर जाननं १९०२ ला कलकत्त्यात रेकॉर्डिंगच्या कर्ण्यासमोर गाऊन शेवटी "माय नेम इज गौहर जान" म्हणून ठेवलं, तेव्हापासून केवढ्या लोकांनी तीन मिनिटांत ख्याल बसवायची कसरत केली. ज्यांची तबकडीच नाही त्यांच्यासाठी आपण हळहळतो, गवई भास्करबुवा बखले १९२२ ला गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ ला, दोघांचा आवाज आज कुणाच्या कानावर पडणार नाही. आणि ज्यांचा आवाज आहे तो प्लास्टिकात गुंडाळून तुम्ही अंगठा दाखवता?

असो. माझी खरेदी सांगते, तीच सांगायला मुळात फोन हातात घेतला होता. संभाजीनगरच्या एका जुन्या सामानवाल्याकडून दोन आल्यात. एक अमीर खाँसाहेबांची एलपी, एका बाजूला राग मारवा अन् एका बाजूला राग दरबारी, कव्हर उसवलंय पण रेकॉर्ड झकास, नऊशेला. दुसरी हिराबाई बडोदेकरांची ७८, "राधेकृष्ण बोल मुखसे", दीडशेला, वर पांढरी बुरशी धरलेली. बुरशीवरून आठवलं, ७८ पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका हो, लाख विरघळते, तबकडी कायमची जाते. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेनं गोल गोल, मधलं लेबल कोरडं ठेवायचं, अन् सावलीत वाळवायचं. माझी आत्ता खाटेवर वाळायली.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडं दोन्ही लावणार आहे. आधी हिराबाई, मग मारवा दिवस मावळताना, अन् जेवणं झाल्यावर दरबारी. पिठलं-भाकरी, ठेचा आणि दही आहे. नांदेडवाल्यांनी मुक्कामाच्या तयारीनं यावं, गाद्या आहेत. लेकरं आणा, गडबड केली तरी चालेल.

आणि दादा, तुम्ही नक्की या. एलपी घेऊन या, सील तसंच ठेवून. कात्री मी टेबलावर ठेवलेली असेल, तुम्हाला वाटलं तर फोडा, नाही वाटलं तर परत घेऊन जा, मी एका शब्दानं बोलणार नाही. खिडकीजवळची खुर्ची तुमच्यासाठी ठेवते.