फ्रीजचं चुंबक म्हणजे सेफ्टी की नव्हे

"ट्रेडमिल दहा वर्षं टिकवा, कंपनीवाले कधीच सांगणार नाहीत असे सात उपाय" हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आधी तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या. आता साताऱ्याला माझ्या ताईकडे पोचलाय आणि दाजींनी त्यातले दोन उपाय करूनही टाकलेत. घरात साडेतीन वर्षांची भाची आहे. म्हणून हे लिहितेय.

मेसेजमधले सात उपाय थोडक्यात असे. एक, मोटर जितक्या जास्त एचपीची (हॉर्सपॉवर, म्हणजे मोटरची ताकद) तितकी चांगली, सहा एचपीच्या खाली घेऊच नका. दोन, सिलिकॉन तेल ही लूट आहे, खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारा. तीन, पट्टा तबल्यासारखा ताठ ठेवा. चार, मशीन कुठल्याही सॉकेटवर, एक्स्टेंशन बोर्डावर चालतं. पाच, सेफ्टी कीची दोरी पायात येते, ती काढून टाका आणि कीच्या जागी फ्रीजचं चुंबक कायमचं चिकटवा. सहा, जागा वाचवायची तर मशीनची मागची बाजू भिंतीला लावा, नाहीतर बाल्कनीत ठेवा. सात, सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट म्हणजे पैसे पाण्यात.

मी या क्रमाने जाणार नाही. पाचवा उपाय आधी घेते, कारण बाकीच्यांनी मशीन बिघडेल. याने माणूस जाऊ शकतो.

सेफ्टी की म्हणजे बहुधा लाल रंगाची छोटी चावी, तिला दोरी आणि दोरीच्या टोकाला चिमटा. चावी कन्सोलवर, म्हणजे समोरच्या बटणं आणि स्क्रीनच्या पाटीवर बसवायची, चिमटा अंगातल्या कपड्याला लावायचा. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये या चावीच्या पोटात चुंबक असतं आणि कन्सोलच्या आत त्या चुंबकावर चालणारा एक बारीकसा स्विच. चुंबक जागेवरून निघालं की मोटर बंद. त्यामुळे फ्रीजवरचं चुंबक चिकटवलं तरी मशीन सुरू होतं, यात काही चमत्कार नाही. पण ती व्यवस्था केलीय माणूस पडला की मशीन थांबावं म्हणून. दोरी कापलीत की ती गेलीच.

"पडलोच तर लाल बटण दाबू की," असं दाजी म्हणाले. साधा हिशोब करा. ताशी ८ किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर. घरगुती मशीनचा पट्टा सव्वा मीटरच्या आसपास लांब. पाय घसरल्यापासून पट्ट्यावरून मागे फेकले जाईपर्यंत तुमच्याकडे अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त वेळ असतो, आणि बटण त्या वेळी तुमच्यापासून लांब लांब जात असतं. दोरी मात्र तुमच्यासोबतच मागे ओढली जाते आणि चावी आपोआप निघते.

हे झालं मोठ्या माणसाचं. चुंबक कायमचं चिकटवलेलं असलं की मशीन सदासर्वकाळ सुरू व्हायच्या तयारीत राहतं. स्टार्टचं बटण दाबायला साडेतीन वर्षांच्या मुलीला स्टुलावर चढण्यापलीकडे काही करावं लागत नाही. चालू पट्ट्यावर हात टेकला की तो मागच्या रोलरकडे ओढला जातो आणि पट्टा फिरतच राहतो. घर्षणाने तळहाताची आणि बोटांची कातडी भाजते. लहान मुलांच्या अशा जखमा खोल असतात, काहींना कातडी बदलण्याची शस्त्रक्रिया लागते.

ज्यांना हे अति वाटतंय त्यांनी अमेरिकेतलं पेलोटन कंपनीचं प्रकरण आठवावं. या कंपनीचं 'ट्रेड प्लस' हे महागडं ट्रेडमिल. १७ एप्रिल २०२१ रोजी तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने लोकांना जाहीर इशारा दिला, की घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर हे मशीन वापरणं थांबवा. तोवर आयोगाकडे ३९ घटनांची नोंद होती आणि त्यात एका मुलाचा मृत्यू होता. कंपनीने आधी हा इशारा दिशाभूल करणारा ठरवला. तीन आठवड्यांच्या आत, ५ मे रोजी, तिने सुमारे सव्वा लाख मशीन परत बोलावली आणि कंपनीच्या प्रमुखाने आधीच्या भूमिकेबद्दल माफी मागितली. परत बोलावताना जाहीर झालेला आकडा असा: माणसं, मुलं, प्राणी किंवा वस्तू मशीनच्या मागच्या बाजूने खाली ओढल्या गेल्याच्या ७२ तक्रारी, त्यातल्या २९ मुलांना झालेल्या इजांच्या. खरचटणं नव्हे, हाडं मोडण्यापर्यंतच्या इजा. दगावलेलं मूल सहा वर्षांचं होतं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने १.९ कोटी डॉलरहून जास्त दंड भरला.

त्या मशीनचा पट्टा जाड पट्ट्या जोडून केलेला होता आणि मागच्या बाजूला खाली पोकळी बरीच होती. आपल्याकडच्या साध्या मशीनचा पट्टा पातळ असतो, रोलर जमिनीच्या जवळ असतो, तेव्हा अख्खं मूल खाली ओढलं जाण्याचा धोका कमी, हे मी मान्य करते. हात अडकण्याचा धोका मात्र तसाच राहतो. आणि आयोगाने सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक मशीनला लागू आहे. किमान एक अपघात आईवडिलांपैकी कुणीतरी स्वतः मशीनवर पळत असताना झाला होता. म्हणजे "मी तिथेच असतो ना" हे उत्तर पुरत नाही. आपण पळताना मूल आपल्या पाठीमागे असतं, आणि धोकाही पाठीमागेच असतो.

दोरी पायात येते ही तक्रार अर्धी खरी आहे. चिमटा पार पॅंटच्या खिशाला लावला तर दोरी झुलते. तो टी-शर्टला, पोटाच्या वर लावा, दोरी समोरच राहते. लोंबती दोरी लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते हेही खरंच आहे, पण त्यावर उपाय ती कापणं नाही. चालून झालं की दोरीसकट चावी काढायची, मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात ठेवायची आणि प्लग भिंतीतून उपटायचा. चावी हरवली असेल तर त्याच मॉडेलची दोरीवाली चावी मागवा. ती येईपर्यंत मशीन बंद. हल्ली टेबलाखाली सरकवायचे वॉकिंग पॅड निघालेत, त्यातल्या काहींना चावीच नसते, नुसता रिमोट. त्या घरात तर रिमोट कपाटात आणि प्लग काढलेला हे दोन्ही हवंच.

सहावा उपाय पाचव्याचाच जोडीदार आहे. मागची बाजू भिंतीला लावलीत की पडलेला माणूस मागे फेकला न जाता भिंत आणि पट्टा यांच्यामध्ये अडकतो, आणि पट्टा त्याच्या अंगाखाली फिरत राहतो. दोरी कापलेली असेल तर तो थांबवणार कोण? अनेक मॅन्युअलमध्ये मागे दोन मीटर मोकळी जागा सोडायला सांगितलेली असते. आपल्या वन बीएचकेमध्ये दोन मीटर काढणं सोपं नाही, मला माहीत आहे. मग पुढची बाजू भिंतीकडे आणि मागची बाजू दाराकडे किंवा पॅसेजकडे करा. तेही जमत नसेल तर त्या घरात पळायचं ट्रेडमिल घेऊच नये. स्थिर सायकल घ्यावी, ती कोपऱ्यात बसते. बाल्कनी तर नकोच. पट्ट्याखालची फळी बहुतेकदा लाकडी भुशाची, म्हणजे एमडीएफची असते. पावसाच्या ओलीने ती फुगते, रोलरला गंज चढतो. साताऱ्याच्या पावसात एक चातुर्मास पुरेल.

आता तेल. पट्ट्याला आतून तेल लागतं, एवढं मेसेजमध्ये बरोबर आहे. बरेच लोक तेही घालत नाहीत. कोरडा पट्टा फळीवर घासतो, मोटर जास्त करंट खेचते, मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर बोर्ड तापतो आणि एक दिवस जळतो. तेव्हाचा खर्च सिलिकॉनच्या बाटलीच्या कैक पट असतो. पण खोबरेल तेल? ते साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात साताऱ्यात सकाळी सहा वाजता बाटली शेगडीजवळ धरावी लागते हे ताईला मी सांगायला हवं का? तेच तेल पट्ट्याखाली थिजणार. उन्हाळ्यात ते पातळ होऊन धूळ धरणार, हळूहळू खवट आणि चिकट होणार. वंगण म्हणून घातलेलं तेल ब्रेक होऊन बसतं. मोहरी, एरंडेल, शिवणयंत्राचं तेल, काहीही घातलं तरी अडचण आहेच. खनिज तेलं काही पट्ट्यांचं रबर आणि चिकटवलेले सांधे खराब करतात.

गंज सोडवायचा स्प्रे, म्हणजे डब्ल्यूडी-४०, हा १९५३ साली पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी बनवलेला पदार्थ. त्यातला बराचसा भाग उडून जाणारा द्रावक. गंजलेला बोल्ट सोडवायला उत्तम. पट्ट्याखाली मारलात तर आधीचं वंगण धुऊन नेतो.

शंभर टक्के सिलिकॉन तेल आणा. प्लग काढा, पट्टा कडेने उचला, हात आत घालून फळीला लावा. बोटांना बुळबुळीत लागलं तर तेल आहे, कोरडं लागलं तर घाला. दोन्ही बाजूंनी मिळून १५ ते ३० मिलिलिटर पुष्कळ झालं, मग पाच मिनिटं अगदी हळू वेगात चालवा. दर तीन महिन्यांनी तपासा. आणि मॅन्युअल वाचा, कारण काही मशीनच्या फळीवर आधीच मेणाचा थर असतो आणि तिथे तेल घालायचंच नसतं.

एचपी आणि सॉकेट हे दोन उपाय एकमेकांना खोटं पाडतात, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलं नाही. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. सहा एचपी म्हणजे जवळपास साडेचार हजार वॉट. आपल्या घरातला मोठा, गीझरचा सॉकेट १६ अँपिअरचा. २३० व्होल्टला तो जास्तीत जास्त ३,६८० वॉट देतो, म्हणजे पाच एचपीसुद्धा नाही. मग सहा एचपीची मोटर तुमच्या घरात सहा एचपी देणार कुठून? खोक्यावर छापलेला तो पीक एचपी असतो, क्षणभराचा. विचारायचा तो सलग चालण्याचा, कंटिन्युअस ड्यूटीचा एचपी. नुसतं चालायचं असेल तर दीड ते दोन पुरतात, पळायचं असेल तर अडीच-तीन बघा. दुकानदाराला तो आकडा सांगता येत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. त्याच वेळी पट्ट्याची रुंदी आणि मशीन किती वजनाच्या माणसासाठी आहे हेही पाहा. एचपीच्या नादात ४० सेंटीमीटर रुंदीचा पट्टा घेऊन लोक त्यावर पळायला जातात.

लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे १,३८० वॉट. त्यात मोठा प्लग बसवायचा कन्व्हर्टर लावून, त्याला एक्स्टेंशन बोर्ड जोडून मशीन चालवलंत तर वायर आणि प्लग तापतात. जळका वास येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट, थेट भिंतीत. तो नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन ओढून घ्या. गावाकडे व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर जरूर लावा.

पट्टा ताठ ठेवण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अति ताणला की रोलरचं बेअरिंग जातं आणि मोटरवर ताण येतो. मधोमध कडेने उचलल्यावर दोन-तीन इंच वर आला की बरोबर. डावीकडे सरकत असेल तर मागचा डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, उजवीकडे सरकत असेल तर उजवा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.

राहिलं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. इथे मात्र मेसेजचं म्हणणं बऱ्याच अंशी पटतं, नाइलाजाने का होईना. वॉरंटी संपल्यावर बहुतेक कॉन्ट्रॅक्टमध्ये येणारा माणूस तेल घालतो, बोल्ट फिरवतो, कापडाने पुसतो आणि सही घेऊन जातो. हे सगळं वर लिहिलंय, घरी होतं. पण मोटरवरचं झाकण उघडण्याची वेळ आली, चालताना झटके बसू लागले किंवा स्क्रीनवर एरर यायला लागला, तर तिथे हात घालू नका. प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठलेली असते. त्या दिवशी माणूस बोलवा, त्या एका फेरीचे पैसे द्या आणि आला आहे तर त्याच्याकडूनच दोरीवाली चावीही मागवून घ्या.