अंगठ्याची वर्णी

टिकली घरी आली तेव्हा १० आठवड्यांची होती आणि वजन भरलं ८२ ग्रॅम. एवढ्याशा ऐवजाला आपण टरकू, हे तोवर मला माहीत नव्हतं. कॉकटील जातीच्या पोपटाचं पिल्लू. राखाडी अंग, डोक्यावर तुरा, दोन्ही गालांवर केशरी ठिपका. त्या ठिपक्यावरून लेकीनं नाव ठेवलं टिकली.

"हातानं भरवून वाढवलंय, एकदम माणसाळलेलं आहे," असं देणाऱ्यानं सांगितलं होतं. माणसाळलेलं म्हणजे त्यांना माणसाळलेलं, हा खुलासा घरी आल्यावर झाला. मी "ये गं बाळा" म्हणत पिंजऱ्यात हात घातला. तुरा डोक्याला चप्प चिकटला, चोच उघडली आणि आतून चक्क सापासारखा फूत्कार आला. हात मी किती वेगानं बाहेर काढला ते लेकीला अजून करून दाखवता येतं.

मग अभ्यास सुरू केला. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलंय. जरा मागे कललेला म्हणजे निवांत. चप्प बसलेला म्हणजे हात काढ. किती सोय! आमच्या साहेबांना असा तुरा असता तर माझी निम्मी नोकरी सुखात गेली असती.

अभ्यासात असंही कळलं की अशा पाखराच्या दृष्टीनं वरून झेपावणारी कुठलीही वस्तू म्हणजे ससाणा. त्यात माझ्या हाताचाही समावेश होता. शिवाय दोन डोळे रोखून बघतो तो शिकारी, म्हणून बघायचं ते तिरकं. नॉनस्टिक तवा तर पहिल्याच दिवशी हद्दपार झाला, कारण तो फार तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्याचा जीव घेतो. "हा तवा बदला म्हणून मी १२ वर्षं सांगतेय," बायको शांतपणे म्हणाली, "पण मला तुरा नाही ना."

पुढचे आठ दिवस मी पिंजऱ्याशेजारी नुसता बसून होतो. माझा आवाज तिच्या कानावर पडावा म्हणून काहीतरी मोठ्यानं वाचायचं होतं. लेकीनं भूगोलाचं पुस्तक आणून दिलं. कॉकटील मूळचे ऑस्ट्रेलियाचे, तेव्हा माहेरची खबर तरी कळेल, हा तिचा विचार. टिकली ऑस्ट्रेलियाच्या पर्जन्यमानाला पाठ करून बसायची.

खरी किल्ली निघाली राळ्याचं कणीस. लांब दांड्याचं कणीस गजांतून आत सरकवायचं आणि पुतळा व्हायचं. रोज माझी बोटं दांड्यावर अर्धा इंच पुढे. नवव्या दिवशी ती माझ्या नखाजवळचे दाणे टिपू लागली. टरफलं मनगटावर पडत होती, चोचीचा टिकटिक आवाज येत होता आणि मी श्वास रोखून होतो. तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मला लोभ सुटला. दुसऱ्या बोटानं मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेलो.

चावल्यावर ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही, एवढा तमाशा बघायला मिळाला तर पुन्हा चावते, असं वाचलं होतं. म्हणून रक्त ठिबकत असताना मी दात-ओठ खात "छान, छान" म्हणालो. त्या एका फाजील बोटापायी आम्ही पुन्हा पर्जन्यमानावर आलो.

दोनेक महिन्यांनी ती पिंजऱ्याबाहेर रमायला लागली आणि एके दिवशी जमिनीवर उतरली. समोर माझा पाय. तिनं उजव्या अंगठ्याकडे मान वाकडी करून पाहिलं. मग पंख खांद्यापासून जरा उचलून, छाती काढून ती त्याच्यापुढे येरझारा घालायला लागली आणि शिट्टी वाजवली. चांगली तीन सुरांची. मी अंगठा हलवला. शिट्टी वाढली.

पक्ष्यांच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले. पहिली पिसं झडेपर्यंत नर-मादी सारखेच दिसतात, पण असल्या शिट्ट्या बहुधा नराच्या, म्हणाले. टिकलीचा टिकल्या झाला. अंगठ्यावरचं प्रेम मात्र तसंच राहिलं. ज्या हातानं दाणे भरवले, पिंजरा धुतला, पाणी बदललं, त्याला फूत्कार, आणि आयुष्यात चपलेबाहेर काहीही न केलेल्या अंगठ्याला मैफल! कामाचे फोन मी अंगठा उंचावून घेऊ लागलो, कारण तो दिसला नाही तर टिकल्या किंचाळायचा.

परवा दुपारी पाय चादरीत गुंडाळून पडलो होतो. अंगठा बेपत्ता. टिकल्यानं चादरीवर शोध घेतला, गुडघा चढला, पोट ओलांडलं आणि थकून माझ्या बोटावर येऊन बसला. दोन बोटं पुढे, दोन मागे, अशी ऊबदार पकड. मी बघितलं, तिरकं. त्यानं पिसं फुगवली, एक पाय पोटाशी घेतला आणि चोच करकर घासायला लागला. पेंगुळलेलं, निर्धास्त पाखरू असा आवाज करतं.

तेवढ्यात बेल वाजली. बायको दारात कुणाला तरी दबक्या आवाजात म्हणाली, "आहेत घरात, पण बोटावर पक्षी बसलाय. तासाभरानं या."

हाताला मुंग्या आल्या होत्या. तरी मी चादरीखालचा अंगठासुद्धा हलवला नाही. न जाणो, त्याचं लक्ष जायचं.