9 ची शाळा, 6 ची शाळा आणि घराची किंमत

न्यू जर्सीतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर घरखरेदीच्या दिवसांत एक मेसेज हमखास फिरतो. डिस्ट्रिक्ट (एका बोर्डाखालच्या सरकारी शाळांचा समूह) चांगला असून भागत नाही, त्यातली एलिमेंटरी, म्हणजे प्राथमिक शाळाही दहापैकी 9-10 रेटिंगचीच हवी. 6 वाल्या शाळेत शिकवणं कच्चं असतं, ईएसएलच्या (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या) मुलांमुळे वर्ग मागे पडतो. तेव्हा चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण घर 9 वाल्या शाळेच्या हद्दीतच घ्या (घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते). नवी कुटुंबं यावर विसंबून आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार करतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘रेटिंग म्हणजे शिकवण्याचा दर्जा.’ घरं विकणाऱ्या साइटवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा ग्रेटस्कूल्स या शाळांना रेटिंग देणाऱ्या संस्थेचा असतो आणि एलिमेंटरीसाठी त्याचा मुख्य आधार राज्याची परीक्षा. ही परीक्षा तिसरीपासून सुरू होते. म्हणजे किंडरगार्टन, पहिली, दुसरी, जिथे मूल खरं वाचायला शिकतं, ती वर्षं त्या आकड्यात थेट मोजलीच जात नाहीत. मूल वर्षभरात किती पुढे गेलं हे पाहायला आधीच्या वर्षाचे गुण लागतात, म्हणून ते कळतं फक्त चौथी-पाचवीत. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या निकालांचा अभ्यास केला आहे. शाळेचे सरासरी गुण घरच्या आर्थिक-शैक्षणिक परिस्थितीशी घट्ट बांधलेले दिसतात. मुलांच्या प्रगतीचा वेग मात्र तिच्याशी फारच सैल जोडलेला आहे. 9 चा आकडा बराचसा आईवडिलांबद्दल बोलतो.

शिवाय छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळा एकमेकींपासून वेगळ्या असतात तरी किती? न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन घ्या. कम्युनिटी पार्क, जॉन्सन पार्क, लिटलब्रुक, रिव्हरसाइड अशा चार एलिमेंटरी. बोर्ड एक, सुपरिंटेंडंट एक, शिक्षकांची वेतनश्रेणीही एकच. प्रिन्सिपल आणि शाळेचं वातावरण यांत फरक असतो, नाही असं नाही. पण तो या आकड्यात शोधून सापडत नाही.

‘9 आणि 6 मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.’ एका इयत्तेत 50 मुलं धरा. तिसरी ते पाचवी मिळून 150. पाच मुलं काठावर पास व्हायच्या ऐवजी काठावर नापास झाली, की उत्तीर्णांचं प्रमाण 3 टक्क्यांहून जास्त घसरतं. त्यातच संपूर्ण डिस्ट्रिक्टचे विशेष गरजांच्या मुलांचे वर्ग अनेकदा एकाच इमारतीत भरवतात, आणि त्या शाळेची सरासरी खाली येते. थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थतज्ज्ञांनी नॉर्थ कॅरोलायनाचे निकाल तपासून हेच दाखवलं: एखाद्या वर्षी यादीच्या टोकाला जाणाऱ्या शाळांमध्ये छोट्या शाळांचा भरणा असतो, कारण मोजकी मुलं इकडची तिकडे झाली की सरासरी हलते. तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावरून शाळेला नावं ठेवू नका.

‘ईएसएलच्या मुलांमुळे वर्ग मागे पडतो.’ मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. अहो, ही मुलं कोणाची? शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता हे विचारणारा फॉर्म असतो. त्यावर ‘मराठी’ लिहिलं की मुलाचं इंग्रजी तपासलं जातं. तो शिक्का नको म्हणून आजी-आजोबा घरात असतानाही ‘इंग्रजी’ लिहिण्याचा सल्ला आपल्यातच दिला जातो, आणि ज्या मुलाला खरंच मदत हवी असते ते तिला मुकतं. प्रिन्स्टनच्या कम्युनिटी पार्कमध्ये स्पॅनिश-इंग्रजी दुभाषिक शिक्षण चालतं. अशा शिक्षणाचा पोर्टलंडमध्ये रँड या संशोधन संस्थेने अभ्यास केला. प्रवेशाच्या लॉटरीत जागा मिळालेली मुलं पाचवीपर्यंत इंग्रजी वाचनात इतरांपेक्षा सुमारे सात महिने पुढे होती, आणि गणितातही मागे पडलेली नव्हती.

‘चार पैसे जास्त गेले तरी मुलाचं भलं होतं.’ अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी 1999 मध्ये बॉस्टनच्या उपनगरांतली, हद्दीच्या रेषेच्या दोन बाजूंची घरं ताडून पाहिली. शाळेचे गुण 5 टक्के जास्त असतील तर लोक घराला सुमारे 2.5 टक्के जास्त मोजत होते. म्हणजे किंमत चढते हे खरंच आहे. पण ते पैसे गुणांच्या सरासरीसाठी जातात, आणि ती सरासरी कशी बनते ते वर आलंच आहे. हद्दही कायमची नसते. पट वाढला-घटला की बोर्ड ती नव्याने आखू शकतं. आणि प्रिन्स्टनमध्ये सहावीला चारही शाळांची मुलं एकाच मिडल स्कूलमध्ये येतात.

हद्दीपलीकडचं घर ऐपतीत बसत असेल तर तिथल्या 6 वाल्या शाळेत जाऊन या. प्रिन्सिपलना विचारा: दुसरीच्या वर्गात मुलं किती? वाचनात मागे राहिलेल्या मुलाला कोण, आठवड्यातून किती वेळा बसवून शिकवतं? गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? राज्याच्या शाळा-अहवालात प्रगतीचा आकडा वेगळा दिलेला असतो. तो एका वर्षाचा न घेता तीन-चार वर्षांचा पाहा.