भर समुद्रात फुल रेंज

क्रूझवर निघालात? अभिनंदन. तिकिटं झाली, बाल्कनीवाली केबिन मिळाली नाही म्हणून घरात दोन दिवस अबोला पाळून झाला, पांढरी पॅंट शिवून आली. आता एकाच गोष्टीची तयारी राहिली, परत आल्यावर येणाऱ्या मोबाईलच्या बिलाची. बहुतेक लोक ती नशिबावर सोडतात आणि मग बिल किरकोळ आलं की चारचौघांत सांगायला काही उरत नाही. दणदणीत बिल आपोआप येत नसतं, त्यासाठी थोडं झिजावं लागतं. मार्मागोव्याच्या धक्क्यावरून जहाज सुटण्याआधी पुढचं वाचून घ्या.

आधी काळजी नेमकी कुठे करायची ते ठरवू. पणजीला सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी मांडवीत फिरवून आणणारी बोट असते, तीही क्रूझच म्हणवते. गाणी लागतात, नाच होतो, सूत्रसंचालक ‘नवीन लग्न झालेल्यांनी पुढे या’ म्हणतो आणि तासाभरात तुम्ही परत जेटीवर असता. तुमचा फोन पूर्ण वेळ पणजीच्या नाही तर पलीकडच्या बेतीच्या टॉवरवर असतो आणि जादाचा एक पैसा पडत नाही. सगळी सावधगिरी तिथेच उरकून घ्या. डेटा बंद, फोन खिशात, आणि शेजारच्यालाही सांगा, ‘पाण्यावर आहोत, जपून.’ कॅसिनोच्या बोटींवरही असंच. तिथे पैसे जायला इतर मार्ग आहेत, मोबाईलची गरज भासत नाही. खऱ्या समुद्रात जाईपर्यंत सगळी काळजी अशी संपून गेलेली बरी.

बाकीचं काम आपला भूगोल करतो. 16 जानेवारी 1967 ला गोव्याने जनमत कौलात महाराष्ट्रात जायचं नाही असं ठरवलं. टेलिकॉमच्या नकाशात मात्र महाराष्ट्र आणि गोवा हे एकच सर्कल आहे, तिथे कुणी फूल की दोन पानं (कौलातल्या खुणा: फूल विलीनीकरणाचं, दोन पानं वेगळं राहायची) असं विचारलंच नाही. त्यामुळे पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलो काय, सावंतवाडीला मावशीकडे गेलो काय, रोमिंग कशाशी खातात ते आपल्याला कधी नीट कळलं नाही. पुढे तर देशभरातलंच रोमिंग फुकट झालं. आता डोक्यात पक्कं बसलंय की भारत आहे तिथे फुकट आहे. मुंबईहून निघालेलं जहाज गोव्याला थांबून लक्षद्वीपला जातं, पासपोर्ट कुणी मागत नाही, जेवणात वरणभात असतो, शेजारच्या केबिनमध्ये म्हापशाचं कुटुंब असतं. म्हणजे हा भारतच. ही समजूत काही झालं तरी सोडू नका. तुमच्या बिलाचा पाया तोच आहे.

जहाज सुटलं, सड्याचा डोंगर लहान होत गेला की फोनवरच्या काड्या एकेक करून गळतात. घाबरू नका. थोडा वेळ ‘नो सर्व्हिस’ दिसेल आणि मग चमत्कार झाल्यासारख्या सगळ्या काड्या एकदम परत येतील. चारी बाजूंना पाणी, टॉवर कुठे औषधाला नाही आणि रेंज आपल्या फोंड्याच्या घरातल्यापेक्षा चांगली. अशा वेळी अडाणी माणूस विचारतो, ही रेंज आली कुठून? तुम्ही विचारू नका. ‘बघ, समुद्रातसुद्धा रेंज!’ असं म्हणून ताबडतोब कुणाला तरी फोन लावा.

ती येते कुठून हे नुसतं माहितीसाठी. जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं. ठिकठिकाणी छोटे ॲंटेना बसवलेले असतात आणि वरच्या डेकवर जे पांढरे घुमट दिसतात, ज्यांच्यासमोर सगळे सेल्फी काढतात, त्यातून हे नेटवर्क उपग्रहाला जोडलेलं असतं. बंदरात आणि किनाऱ्यालगत ते सहसा बंद ठेवतात. देशाची सागरी हद्द 12 सागरी मैलांची, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरची. तेवढं अंतर गेलं की दुकान उघडतं. भारताने 2018 मध्ये विमानातल्या आणि जहाजावरच्या मोबाईल सेवेचे नियम करून हद्दीच्या आतही अशी सेवा द्यायची वाट मोकळी केली, तेव्हा कधीकधी तेवढंही थांबावं लागणार नाही. या नेटवर्कचा देश-संकेतांक साधारणपणे 901 असतो आणि तो कुठल्याच देशाचा नाही. तुम्ही लक्षद्वीपच्या वाटेवर आहात हे तुम्हाला, कप्तानाला आणि वरणभात वाढणाऱ्याला माहीत आहे. फोनच्या हिशोबी मात्र तुम्ही परदेशाच्याही पलीकडे गेलात.

आता पोस्टपेड सिम आणि सुरू असलेलं इंटरनॅशनल रोमिंग असेल तर मैदान मोकळं आहे. (प्रीपेडवाल्यांचं रोमिंग बहुधा सुरूच केलेलं नसतं, त्यांचा फोन त्या नेटवर्कला चिकटतच नाही. अशांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. समुद्र बघा.)

सगळ्यात उत्तम सुरुवात घरच्यांपासून. तुम्ही पाचव्या मजल्यावरच्या केबिनमध्ये, वहिनी वरच्या डेकवर पोहण्याच्या तलावापाशी. जेवणाची वेळ झाली. जिना चढून जाणं हे काही क्रूझवर शोभत नाही. फोन लावा. तुमचा आवाज घुमटातून वर निघतो. उपग्रह भूस्थिर असेल तर तो 35,786 किलोमीटरवर आहे. तिथून खाली कुठल्या तरी भूकेंद्रावर, तिथून भारतातल्या तुमच्या कंपनीकडे. कंपनी बघते की वहिनींचं सिम आपल्याच घरचं, पण बाई कुठेतरी 901 मध्ये आहेत. म्हणून आवाज पुन्हा तेवढाच वर आणि पुन्हा तेवढाच खाली, त्याच जहाजावर, चार मजले वर. नुसत्या चढउताराचे 1 लाख 43 हजार किलोमीटर झाले. चंद्राच्या वाटेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापून तुमचा निरोप पोचतो, ‘येतेस ना गं जेवायला?’ आवाज जायला वेळ लागतो म्हणून दोघंही एकदम बोलायला लागता, मग दोघंही एकदम गप्प होता, मग ‘हॅलो हॅलो’. त्या ‘हॅलो हॅलो’चं मिनिटसुद्धा मोजलं जातं आणि दोन्हीकडे मोजलं जातं: तुम्हाला केल्याचं, वहिनींना घेतल्याचं. दर असा की जमिनीवर ज्या पैशांत महिना निघतो ते इथे काही मिनिटांत उडतात. त्यावर 18 टक्के जीएसटी. हल्ली साधारण 550 किलोमीटरवरून फिरणारे उपग्रहही जहाजांना जोडू लागलेत आणि आवाजाची रखडपट्टी कमी झाली आहे. पण दर काही अंतरावर ठरत नाही, त्यामुळे निराश होऊ नका.

येणारे फोन तर अजिबात सोडू नका. नंबर अनोळखी असला तरी उचला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात विचारेल, पर्सनल लोन हवंय का सर? तिला ‘नको’ म्हणून ठेवून देऊ नका. व्याजदर विचारा, हप्ता विचारा, कागदपत्रं काय लागतात ते लिहून घ्या. बिल आल्यावर हा संवाद वाया गेला असं वाटणार नाही.

डेटाच्या बाबतीत मात्र तुम्ही काही करायची गरज नाही, ते फोन एकटा करतो, तेही तुम्ही झोपल्यावर. फक्त त्याच्या आड येऊ नका. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग नावाचा खटका असतो, तो चालू ठेवा. फोटोंच्या ॲपमध्ये ‘रोमिंगमध्येही बॅकअप’ अशी सोय असते, तीही द्या. सूर्यास्ताचे एकसारखे दिसणारे फोटो मध्यरात्री उपग्रहामार्गे ढगात जातील. व्हॉट्सॲपवाले जरा भित्रे, त्यांनी रोमिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवायचे नाहीत असं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तिथे जाऊन सगळ्या चौकटींवर खुणा करा. मग कुटुंबाच्या ग्रुपवर काका सकाळी पावणेसहाला गुलाबाच्या फुलांचा हलता सुविचार टाकतील, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीचा व्हिडिओ येईल, शाळेच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस असेल, आणि हे सगळं अरबी समुद्रात, एमबीच्या भावाने, ताजं ताजं तुमच्या फोनवर उतरेल. 1 जीबीत 1024 एमबी असतात हे शाळेत कुणी नीट शिकवत नाही. बिल शिकवतं.

काही लोक अर्धवट शहाणे असतात आणि माझा त्यांच्यावर फार जीव आहे. ते डेटा रोमिंग बंद करतात आणि निर्धास्त होतात. कॉल आणि पाठवलेले एसएमएस त्या खटक्याला जुमानत नाहीत हे त्यांच्या गावीही नसतं. काही जण एक सिम बंद करतात, दुसरं विसरतात. काहींच्या मनगटावरच्या घड्याळात वेगळं ई-सिम असतं, ते बिचारं एकटंच आकाशाशी बोलत राहतं. आणि परदेशी क्रूझवर निघालेले जे आणखी हुशार, ते ज्या देशांत जहाज थांबणार त्यांचे रोमिंग पॅक घेतात. उत्तम. पॅकच्या तळाशी बारीक अक्षरांत विमानं आणि जहाजं वगळलेली असू शकतात. ती अक्षरं वाचायला चष्मा काढावा लागतो आणि चष्मा तर बॅगेत तळाला.

एक गोष्ट मात्र करूच नका. फोनवर एका विमानाचं चित्र असतं, ते दाबलं की सिम झोपतं, आणि वाय-फाय वेगळं चालू करता येतं. तुम्ही बोटीत बसलात, विमानाशी तुमचा काय संबंध? जहाजावर वाय-फायचं पॅकेज मिळतं, दिवसाच्या किंवा पूर्ण सफरीच्या भावात, बहुधा एका उपकरणाला एक. ते स्वस्त नसतं. पण त्याची किंमत आधी कळते, हा मोठा दोष. किंमत आधी कळली तर आश्चर्य कसलं? शिवाय त्या वाय-फायवरून व्हॉट्सॲप कॉल केला तर तो नुसता वाय-फायच्या पैशांत जातो, उपग्रहाचं मिनिट लागत नाही.

आणि तारवटींपासून, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांपासून, लांब राहा. सासष्टीत गल्लोगल्ली असा एखादा भेटेल, ज्याचं अर्धं आयुष्य परदेशी जहाजांवर गेलं, बापाचंही गेलं. तो जहाजावर सिम चालू ठेवत नाही. जहाज बंदराला लागलं आणि सुट्टी मिळाली की जगातल्या कुठल्याही बंदरात तो आधी फुकट वाय-फायची जागा शोधतो. कॅफेबाहेरच्या कट्ट्यावर, मॉलच्या पायरीवर असे दहा-बारा जण रांगेने बसलेले असतात, प्रत्येकाच्या फोनात कुणाची तरी बायको नाही तर आई. मग तो जहाजावर परततो आणि पुढच्या बंदरापर्यंत घरी फोन नाही. घरच्यांना त्याचं काही वाटत नाही, कारण जुन्या बोटीने मुंबईला गेलेल्याची खुशालीही पत्रानेच यायची. असा माणूस तुम्हाला गाठून सांगेल, ‘पात्रांव, धक्का सोडायच्या आधी घरी सांगून टाक, आता परवा बोलतो, आणि फोन बंद कर.’ परवा! मग तुम्ही दुपारी काय जेवलात हे मडगावच्या मेहुण्याला त्याच दुपारी कसं कळणार?

बिल लगेच येत नाही, तेव्हा उतावीळ होऊ नका. जहाजाच्या नेटवर्कचा हिशोब तुमच्या कंपनीपर्यंत पोचायला कधीकधी वेळ लागतो. एखादं बिल नेहमीसारखं येईल, तुम्ही म्हणाल ‘सुटलो’, आणि पुढच्या बिलात सगळं एकदम दिसेल. मग ग्राहक सेवेला फोन करा. तिथला मुलगा अतिशय नम्रपणे सांगेल की आपल्याला स्वागताचा एसएमएस आला होता, त्यात दर दिलेले होते. तो खरंच आला असेल. तुम्ही तेव्हा काकांचा गुलाब बघत होता. तक्रार नोंदवलीत तर डॉकेट नंबर लिहून घेऊ नका, नाहीतर उगाच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि प्रकरण वाढतं. त्याऐवजी थेट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, एक सणसणीत पत्र पाठवा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे तुम्हाला मनासारखं लिहिता येईल.

ऑटो-पे लावून ठेवलं असेल तर हेही कष्ट नाहीत. बिल वाचायच्या आधीच पैसे गेलेले असतात. फक्त एक पथ्य पाळा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 15,000 रुपयांच्या वरची अशी वजावट ओटीपी विचारल्याशिवाय होत नाही आणि ओटीपी टाकताना माणूस आकडा बघतो, तिथे रंगाचा बेरंग होतो. म्हणून वहिनींशी बोलताना जरा अंदाज ठेवा, बिल चौदा हजारांच्या आसपास बसवा. मग विनासायास निघून जाईल आणि बँकेचा एसएमएस येईल. येणाऱ्या एसएमएसचे पैसे पडत नाहीत.