‘ताण सोडा, गोळ्या सोडा’ : एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

कुटुंबाच्या, सोसायटीच्या आणि निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर ताणाविषयीचा एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : ९० टक्के आजारांचे मूळ ताणात असते, ताण हा मनाचा खेळ असून खंबीर माणसाला तो होत नाही, आम्लपित्त, रक्तदाब आणि मधुमेह ताणातूनच येतात, म्हणून मन शांत झाले की गोळ्या बंद करता येतात, कॉर्टिसॉल नावाचे विष अमुक एका चूर्णाने शरीराबाहेर पडते, आणि समुपदेशन हे श्रीमंतांचे चोचले आहेत, चारचौघांत हसत राहिले की पुरे. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि ताणाकडे लक्ष द्यावे हे त्यातले आवाहनही योग्यच आहे. परंतु त्यात ताणाला एकाच वेळी सर्व रोगांचे कारणही ठरवले आहे आणि मनाचा दुबळेपणाही; या दोन्हींचा भार शेवटी आजारी माणसावरच पडतो, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

पहिला दावा ९० टक्क्यांचा. संदेशात या आकड्याचा आधार दिलेला नसतो. हृदयविकारापुरते बोलायचे तर ९० टक्के हा आकडा एका मोठ्या अभ्यासात येतो, पण त्याचा अर्थ निराळा आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात असे दिसले, की पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा पुरुषांमधील सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांच्या एकत्रित हिशेबातून समजतो. धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाभोवतीची चरबी, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव, मद्यपान आणि मानसिक-सामाजिक ताण असे ते नऊ घटक. म्हणजे ताण या यादीत आहे, त्याचे वजनही लक्षणीय आहे, परंतु तो नवांपैकी एक आहे. डेंग्यू डासांमार्फत येणाऱ्या विषाणूमुळे होतो आणि क्षयरोग जिवाणूमुळे. ताण एकट्याने कर्करोग निर्माण करतो, याचाही सातत्याने टिकलेला पुरावा नाही. ‘फार टेन्शन घेतलंस म्हणून तुला हे झालं’ असे कर्करोगाच्या रुग्णाला सांगणारे नातेवाईक त्याच्या दुखण्यात अकारण अपराधभावाची भर घालतात.

दुसरा दावा असा, की ताण केवळ मनात असतो आणि कणखर माणसाला तो शिवत नाही. वास्तविक ताण ही शरीराची मोजता येणारी प्रतिक्रिया आहे. धोका जाणवताच मज्जासंस्थेच्या आज्ञेने मूत्रपिंडांवरच्या ॲड्रेनल ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन सुटते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, स्नायू ताठरतात. त्यापाठोपाठ मेंदूतील हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि ॲड्रेनल या साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि रक्तात जास्त साखर उपलब्ध होते. प्रसंग संपल्यावर ही यंत्रणा पूर्ववत होते, तोवर तिच्यापासून अपाय नाही. प्रसंग संपतच नाही तेव्हा मात्र झोप, पचन, रक्तदाब आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्यावर परिणाम होऊ लागतो. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर लहानशी, ठरावीक मापाची जखम करण्यात आली. त्याच वयोगटातील इतर स्त्रियांच्या तुलनेत ती भरून यायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. जखम भरण्याचा वेग मनाच्या निर्धाराने ठरत नाही.

खंबीरपणाच्या युक्तिवादाला याहून भक्कम उत्तर ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी दिले आहे. ताण हा मोठ्या साहेबांचा आजार, असा त्या काळचा समज होता. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अभ्यासात चित्र उलटे निघाले : सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे नेहमीची कारणे जमेस धरूनही हा फरक पूर्णपणे उलगडत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की आपल्या कामावर आपले नियंत्रण किती, या गोष्टीचा हृदयविकाराशी जवळचा संबंध आहे. खालच्या श्रेणीतील कारकून मनाने दुबळे होते आणि वरचे अधिकारी कणखर, असे यावरून कोणी म्हणणार नाही. पाळीची वेळ आदल्या रात्री कळणारा कामगार, कर्जाचा हप्ता पावसावर अवलंबून असलेला शेतकरी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करून नोकरीही सांभाळणारी सून यांच्या ताणाचे मूळ त्यांच्या परिस्थितीत आहे. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला ती परिस्थिती तशीच ठेवून दोष मात्र त्यांच्या पदरात टाकतो.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याने जीव जाऊ शकतो. आम्लपित्ताची जळजळ ताणाने वाढते हे खरे आहे. मात्र जठरातील आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रण, म्हणजे अल्सर, बहुतांशी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरामुळे होतात. अल्सर म्हणजे चिंतेचा रोग, हीच समजूत वैद्यकातही दीर्घकाळ होती. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात ती खोडून काढली आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज असा अल्सर प्रतिजैविकांच्या आणि आम्ल कमी करणाऱ्या औषधांच्या ठरावीक मुदतीच्या उपचाराने बरा होतो. त्याला ‘टेन्शन’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढण्याचे कारण नाही.

रक्तदाबाचे तर बहुधा कोणतेच लक्षण जाणवत नाही. ‘आता मला बरं वाटतंय, म्हणजे बीपी उतरलं’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो. रक्तदाब यंत्राने मोजूनच कळतो, आणि काही औषधे अचानक थांबवल्यास रक्तदाब एकदम उसळतो. मधुमेहात ताणामुळे साखर वाढते, हे रुग्णांनी जरूर ओळखावे, पण इन्सुलिनची उणीव ध्यानधारणेने भरून निघत नाही. ताण कमी झाल्याने औषधाची मात्रा घटवता येईलही. तो निर्णय नोंदी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

छातीतल्या दुखण्याविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप, विशेषतः स्त्रियांमध्ये अचानक आलेला विलक्षण थकवा, यांना ‘गॅस’ किंवा ‘टेन्शन’ समजून घरी बसू नये; १०८ ला फोन करावा. तीव्र भावनिक आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता दुर्बळ होण्याचा टाकोत्सुबो नावाचा विकार जपानमधील डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णिला आणि तो बहुधा रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना होतो. त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात आणि दोहोंतला फरक रुग्णालयातील तपासण्यांनीच समजतो. म्हणजे कारण खरोखर ताण असले, तरी जागा रुग्णालयाचीच.

उलट बाजूने, ताण समजून दुसरा आजार नजरेआड होण्याचा धोकाही तितकाच मोठा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सतत थकवा, धडधड आणि चिडचिड असलेल्या बाईला विश्रांतीचा सल्ला देण्याआधी तिचे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलेले असावे. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, मान-खांदे आखडणे, दात आवळले जाणे, वरचेवर पोट बिघडणे, पाळी अनियमित होणे, साध्या गोष्टी विसरणे, मशेरी किंवा तंबाखू वाढणे ही ताणाची खरी चिन्हे आहेत; ती दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तपासणी आणि ताणाचा विचार दोन्ही बरोबरीने व्हावेत.

चौथा दावा थोडक्यात निकाली निघतो. कॉर्टिसॉल हे विष नाही. सकाळी ते वाढलेले आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. त्याची गंभीर उणीव झाली, जसे १८५५ मध्ये टॉमस ॲडिसन यांनी वर्णिलेल्या रोगात होते, तर माणूस दगावू शकतो. अश्वगंधेसारख्या वनस्पतीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्यामुळे ‘नैसर्गिक आहे’ एवढ्या भरवशावर मनाने डोस ठरवू नये. तंबाखूने ताण उतरतो, हाही भास आहे. उतरते ती निकोटिनची तल्लफ. जे सोडतात त्यांची चिंता आणि उदासी पुढे कमी होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे.

समुपदेशन श्रीमंतांसाठी असते, या दाव्याला उत्तर गोव्यात मिळाले आहे. मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेने तेथील दहा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकरवी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या उपचाराला या बैठकांची जोड मिळालेले रुग्ण केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांहून अधिक सुधारले. नैराश्य आणि रोजचा ताण एक नव्हेत, परंतु त्या बैठकांची पद्धत उपदेशाची नव्हती, हे येथे महत्त्वाचे आहे : सुटलेली कामे आणि आवडीच्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करणे, अडचणीचे तुकडे पाडून एकेक सोडवणे, घरच्या माणसांना सोबत घेणे. ‘सकारात्मक विचार करा’ या वाक्यात यातले काहीच नसते.

घरी करण्यासारखे जे आहे तेही साधे आहे. उठण्याची वेळ सातही दिवस एकच ठेवावी, आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालावे, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतक्या संथपणे रोज काही वेळ श्वसन करावे आणि शुश्रूषेच्या कामात घरातल्या पुरुषांनीही पाळी लावून घ्यावी. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर वाट पाहू नये. १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक दिवसरात्र आणि विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.