त्या ‘चार कुंड्यां’बद्दल

नमस्कार नागपूरकर,

‘पहिल्या पाच कुंड्या’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण रागाच्या भरात लिहू नये म्हणून थांबले. नवशिक्यांनी घड्याळ लावून रोज पाणी घालू नये, आधी मातीत बोट खुपसून बघावं, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, विदर्भातल्या उन्हाळ्यात असं केलं तर रोपं दोन दिवसांत करपतील, कोकोपीटबद्दलची (नारळाच्या काथ्याचा भुसा, मातीत मिसळतात तो) माहिती अर्धवट आहे आणि धणे पेरायची पद्धत चुकली आहे. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘खिडकीतल्या चार कुंड्यांवर शिकलेल्यांनी लोकांना शिकवायला बसू नये.’

आधी धण्यांचं. तुमचं बरोबर आहे. धणे लाटण्याने हलके रगडून, दोन फाकी करून पेरायचे, हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

आता चार कुंड्या. माझं लहानपण चिपळूणजवळच्या एका घरात गेलं. न्हाणीघराचं पाणी पाटाने परसात जायचं, केळी आणि अळवाला. मिरचीच्या वाफ्यापाशी आजी तो पाट मातीने बुजवून टाकायची. ‘हिला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत,’ म्हणायची. कुणाला किती पाणी, हे मी तिथे बघितलं, पण शिकले नाही. शिकले डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, आणि तेही नुकसान सोसून.

26 जुलै 2005 चा पाऊस तुम्हीही ऐकून असाल. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. आमच्या गॅलरीचं पाणी जायचं भोक पाल्याने तुंबलं आणि कुंड्या दोन दिवस पाण्यात उभ्या राहिल्या. आठवड्याभराने मोगऱ्याने मान टाकली. मला वाटलं, तहानलाय. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत राहिले. शेवटी उपटून बघितला, तर मुळं काळी पडलेली. चिमटीत धरली की वरची साल मोज्यासारखी सुटून हातात यायची, आणि नासक्या अंड्यासारखा वास. आईने माहेरून दिलेला मोगरा होता तो.

मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, सडतात, आणि मग वर पाणी चढवू शकत नाहीत. म्हणून पाण्यात बुडालेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. नवीन माणूस ते बघतो आणि घाबरून आणखी पाणी ओततो. माझ्याकडे ‘तुळस जगत नाही’ म्हणून जे विचारायला येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या कुंडीखाली ताटली असते आणि ताटलीत पाणी.

तुमच्याकडे अंगण आहे, विहीर आहे, हे तुम्हीच लिहिलं आहे. आनंद आहे. जमिनीत जास्तीचं पाणी खाली झिरपून जातं. दहा इंची प्लास्टिकच्या कुंडीतलं कुठे जाणार? त्यात भोकावर खापराचा तुकडा न ठेवता नुसती लाल माती ठासून भरलेली असेल, तर ती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होते. हे विहिरीच्या काठावर उभं राहून कळत नाही, साहेब. ग्रिलमध्ये दीड फूट जागा असलेल्या माणसाला चार कुंड्यांवर शिकलेल्याचाच उपयोग होतो. आणि ‘शिकवायला बसू नये’ म्हणजे काय? वीस वर्षांत जे मेलं आणि जे जगलं ते लिहून ठेवते, कुणाकडून एक पैसा घेत नाही. मतभेद असू द्या. पण वयाने मोठ्या माणसाने (तुम्ही निवृत्त आहात असं लिहिलंय) परक्या बाईशी बोलायची ही रीत आहे का?

राहिला तुमचा उन्हाळा. 45 अंशांत बोट घातलंत तर माती कोरडीच लागेल, मग घाला की सकाळ-संध्याकाळ पाणी. मी नको कुठे म्हटलं? कोकोपीट वरून सुकं दिसतं आणि आत ओलं असतं, म्हणून तर नुसतं बघू नका, दोन पेरं बोट आत जाऊ द्या, असं लिहिलंय. तिसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथवर वाचलं असतंत तर हा प्रश्न आलाच नसता. त्यावर वेगळं लिहायची मला गरज वाटत नाही.

एक मात्र मनापासून सांगते. त्याच लेखाखाली एका मुलीने विचारलं होतं की तिची तिसरी तुळस मेली, चौथी आणू का. तिच्या प्रश्नाच्या बरोबर खाली तुमचं वाक्य आहे. तिने ते वाचून कुंडी माळ्यावर टाकली, तर मला फार वाईट वाटेल. तिला सांगते आहे: आण. कुंडी मातीची घे, ताटली काढून टाक, मंजिऱ्या आल्या की खुडत जा.

आणि नागपूरकर, पुन्हा लिहाल तेव्हा कुंडी किती इंची, माती कशी केली आहे आणि ऊन किती तास येतं, एवढं लिहा. मग बोलू.